इद्दतीत पाहिलेल्या दोन शाळा

मुलीसाठी मी दोन शाळा पाहिल्या, आणि दोन्ही घरात बसून पाहिल्या. संक्रांतीची गर्दी ओसरली त्याच आठवड्यात माझे मालक गेले. दुकानात स्टुलावर चढून वरच्या फळीवरचा खोका काढत होते, छातीत कळ आली, खाली बसले ते उठलेच नाहीत. त्या दिवसापासून मी इद्दतीत बसले. आमच्यात नवरा गेला की बाईनं चार महिने दहा दिवस घरातच राहायचं. रंगीत कपडे नाहीत, काजळ-अत्तर नाही, परक्या पुरुषासमोर यायचं नाही. शेजारच्या बायका हळहळायच्या, कसे दिवस काढतेस गं म्हणायच्या. खरं सांगते, मला काहीच वाटत नव्हतं. कुणी म्हणालं असतं की चार वर्षं बस, तर तशीही बसले असते.

आमचं बांगड्यांचं दुकान देवळाली प्रवराच्या पेठेत. मालक दुकान सांभाळून फटफटीवर पार पुणतांब्यापर्यंत माल घेऊन जायचे. त्यांच्या आधी सासूबाईंनी डोक्यावर पाटी घेऊन गावोगाव बांगड्या भरल्या. घरात आम्ही आमची हिंदी बोलतो, पण राग आला की सासूबाई मराठीवर येतात, कारण उभा जन्म गिऱ्हाइकांशी त्याच भाषेत हुज्जत घालण्यात गेला. या हकिकतीत त्या बहुतेक वेळ मराठीतच बोलल्यात, त्यावरून काय ते समजा.

दुकान काही दिवस बंद राहिलं म्हणून सगळे खोके घरात आणून ठेवले होते. मी बसायचे ती खोली खोक्यांनी भरलेली. हिरव्या, लाल, मोरपंखी, सगळ्या मापांच्या. आणि माझे हात मोकळे. येणारी प्रत्येक बाई आधी खोक्यांकडं बघायची, मग माझ्या हातांकडं, आणि मग पदर डोळ्याला लावायची. मला त्यांचा राग यायला हवा होता. तोही येत नव्हता.

मुलगी सातवीत होती. गावातली शाळा काही वाईट नाही, मी स्वतः तसल्याच मराठी शाळेत शिकले. पण आठवीपासून तिला सिस्टर लोकांच्या, नुसत्या मुलींच्या शाळेत घालायचं हे मालकांनी कधीच ठरवून टाकलं होतं. घाऊक माल आणायला ते नगरला जायचे, तिथं वाटेवर अशी एक शाळा लागायची. कधीतरी ती सुटायच्या वेळेला ते तिथं पोचले. आल्यावर मला सांगत बसले, "अगं, एवढ्या एवढ्या पोरी, पण रिक्षावाल्याशी काय ठणकावून बोलतात! एक घाबरत नाही. आपली पोरगी तिथंच घालायची."

मी म्हटलं, "त्या शाळेत बांगडी चालत नाही, माहीत आहे ना? बांगडीवाल्याची पोर आणि हात मोकळे. धंद्याला चांगलाच हातभार लावताय."

"एका पोरीच्या हातानं काय दुकान बुडतंय का?" असं म्हणून ते हसले. मग हा विषय दर दोन दिवसांनी निघायचा. मी चिडवायचे, ते हसायचे. वसतिगृह तिथंच होतं, म्हणजे मुलगी घरी सुट्टीलाच येणार. ते मात्र त्यांनी माझ्याशी फारसं बोलून घेतलं नव्हतं, कारण त्यांना माहीत होतं मी काय म्हणणार.

ईद झाली. मी त्या ईदलाही जुनेच पांढरे कपडे घातले. ईदनंतर थोड्याच दिवसांत दीर आले. ते माझ्यासमोर येत नसत, ओसरीवर खुर्ची टाकून बसायचे. मधे दाराला पडदा, पडद्यात सासूबाई आणि आत मी. दीर म्हणाले, "भाभी, ऐकताय ना? शाळेचं बघायला पाहिजे. भाईंची इच्छा कॉन्व्हेंटची होती, तर कॉन्व्हेंटच घेऊ. पण नगर कशाला? तसलीच मुलींची शाळा इकडंही आहे, एसटीनं जाऊन येऊन करता येतं. पोरगी संध्याकाळी घरात. तुमच्यापाशी."

सासूबाई पडद्यातून वळून म्हणाल्या, "काय म्हनतो ते ऐकलं का?"

ओसरी चार हातांवर होती. मी बहिरी नव्हते. तरी त्यांनी सगळं पुन्हा एकदा सांगितलं आणि मी म्हणाले, "बरं."

"बरं म्हंजी कोनती?"

"दोन्ही बघून या," मी म्हणाले. हे मी विचार करून बोलले असं नाही. काहीतरी बोललं की ते सगळे उठून जातील एवढंच मला पाहिजे होतं.

पण त्यांनी ते मनावर घेतलं. वार्षिक परीक्षा झाल्यावर मुलीनं दोन्हीकडं प्रवेशाची परीक्षा दिली, दोन्हीकडं नाव लागलं, आणि मग पालकांना भेटायला बोलावलं. बाप नाही, आई इद्दतीत. सासूबाई म्हणाल्या, मी जाते. मुलगी म्हणाली, मी मोबाईलवरनं तुला सगळं दाखवते अम्मी, व्हिडिओ कॉल करते. मी मोबाईल भिंतीला टेकवून बसले. पण फाटकावरच मोबाईल बंद करायला लावला, दोन्हीकडं. त्यामुळं मला जे दिसलं ते त्या दोघींच्या तोंडून.

आता सासूबाईंची एक पद्धत आहे, ती सांगायला पाहिजे. त्या कुणाच्याही घरी पहिल्यांदा गेल्या की रिकाम्या हातानं जात नाहीत, घरच्या मोठ्या बाईसाठी डझनभर बांगड्या नेतात. हात बघून माप ओळखायला लागतं म्हणून पिशवीत तीन मापं ठेवतात. सोयरीक बघायला गेल्या तरी हेच, मयतीला गेल्या तर तेवढं नाही. त्यांना वाटलं शाळा म्हणजेही घरच, आणि मुख्याध्यापिका म्हणजे घरची मोठी बाई. कुणाला न विचारता त्यांनी बांगड्या बरोबर घेतल्या.

आधी जवळच्या शाळेत गेल्या. संध्याकाळी आल्या त्या खुशीतच. तिथं सिस्टर एकच, ती बाहेरगावी गेलेली. भेटल्या त्या मॅडम साडीतल्या, घरसंसारी. सासूबाईंनी बांगड्या काढल्या तर त्यांनी तिथंच, ऑफिसात खुर्चीवर बसून हात पुढं केला. "अडीचचं माप बसलं," सासूबाई मला सांगत होत्या. "एक फुटली न्हाई. हात लोन्यासारखा. शाळा चांगली हाय."

"वर्ग कसे आहेत?" मी विचारलं, कारण काहीतरी विचारायला हवं होतं.

"वर्गात मी कशाला जाऊ? बाई चांगली हाय म्हनलं ना."

मुलीला विचारलं तर ती म्हणाली, "छान आहे." कसं छान, काय छान, काही नाही. छान आहे म्हणून वही घेऊन बसली.

दोन दिवसांनी नगर. त्या दिवशी सासूबाई आल्या, चपला काढल्या, पाणी प्यायल्या आणि माझ्यासमोर भिंतीला टेकून बसल्या. मग म्हणाल्या, "पोर तिथं न्हाई ठेवायची."

"काय झालं?"

"शाळा मोठी हाय. झाडं हायेत, अंगन झाडलेलं. मोठी सिस्टर गोड बोलली. मी म्हनलं, हिची आई इद्दतीत बसलीय, येऊ शकत न्हाई, सहीला कसं करायचं? तर ती म्हनली, 'काही घाई नाही, इद्दत पूर्ण होऊ दे, मग येऊन सही करू द्या, मी जागा ठेवते. आमच्यातही सिस्टर व्हायला आलेल्या नवीन मुलीला पहिलं वर्ष असंच आत राहावं लागतं.' एवढं बोलली बघ. मग मी बांगड्या काढल्या."

"अम्मा! सिस्टरला?"

"मला म्हाईत हाय गं, ते लोक लगीन करत न्हाईत! पन सवय. हात पिशवीत गेला, बाहेर आला. तिनं बांगड्या घेतल्या, दोन्ही हातात धरून बघितल्या, म्हनली लई सुंदर हायेत, पन आमी घालत न्हाई. पोरी नाचात घालतील. आन कपाटात ठिवल्या. तेवढ्यात चार-पाच सिस्टर आल्या. सगळ्यांचे हात बघितले मी. एकीच्याबी हातात काच न्हाई. येवढ्या बाया एका जागी आन सगळ्यांचे हात मोकळे. मोकळ्या हाताच्या बायांत माझ्या ल्योकाची पोर मी न्हाई ठेवायची."

खोलीत मी होते, त्या होत्या आणि खोके होते. मी माझे हात मांडीवर ठेवले होते, ते तसेच ठेवले. म्हणाले, "मग या घरात तरी कशी ठेवता?"

मग त्या उठून मोरीकडं गेल्या आणि बराच वेळ हातपाय धूत राहिल्या. मला त्यांना दुखवायचं नव्हतं. मला तेव्हा कुणाला दुखवण्याइतकंही काही वाटत नव्हतं, जे दिसत होतं ते बोलले.

मुलीला विचारलं. ती म्हणाली, "मला नाही आवडली नगरची. वसतिगृहात फिनाईलचा वास येतो. सगळं घंटेवर. मी काही नीट बघितलंसुद्धा नाही. मला जवळचीच पाहिजे."

झालं. सासूबाईंना जवळची, दिरांना जवळची, मुलीला जवळची. नगर पाहिजे होती ती एकाच माणसाला आणि तो नव्हता. मी पडद्याआडून दिरांना सांगितलं, "बरं, जवळची." ते म्हणाले, पुढच्या आठवड्यात जाऊन पक्कं करतो. मला वाटलं होतं की निदान या वेळी तरी आत कुठंतरी काही हलेल. इतक्या वर्षांचं मालकांचं बोलणं मी एका शब्दात पुसलं होतं. काही हललं नाही.

त्या दिवसांत स्वयंपाक मुलगीच करायची. मी भाकरी थापायचे, पण आमटी, भाजी तिची. तिनंच हट्टानं घेतलं होतं, आणि मी कशालाच नाही म्हणत नव्हते. ताट वाढून ती माझ्यासमोर बसायची, मी जेवते का बघत. समोर येईल ते मी खायचे. सासूबाई अलीकडं मिठाची बरणी ताटाशेजारी घेऊन बसायच्या, वयामुळं जिभेची चव गेली असेल असं मला वाटायचं.

दोन-तीन दिवसांनी सकाळीच सासूबाईंचा आवाज चढला. "हे काय? हात मोकळे का? कुनी सांगितलं तुला?" मुलीच्या हातात कायम चार-चार हिरव्या बांगड्या असायच्या, बापानं भरलेल्या. त्या नव्हत्या. "आईचं बघून करती का? आरं द्येवा, आता हिलाबी..." अल्लाह म्हणायच्या जागी त्यांच्या तोंडून देवा आलं, म्हणजे किती घाबरल्या असतील बघा. मी मुलीला खोलीत बोलावलं.

"काढल्यास का?"

"सवय करत होते."

"कसली सवय?"

"तिथं चालत नाहीत ना बांगड्या."

"कुठं?"

जवळच्या शाळेत मॅडमनीच बांगड्या भरून घेतल्या होत्या, मुलींच्याही हातात दोन-दोन चालतात असं सासूबाई सांगत होत्या. मी म्हटलं, "नगरला? तुला तर ती आवडली नाही."

"नाही आवडली."

"मग?"

तिनं खाली बघितलं आणि एकदम भरभर बोलायला लागली. तिथली लायब्ररी केवढी, खिडकीतून चिंच दिसते, आठवीच्या मुलींनी तिला त्यांच्या खोलीत नेऊन कपाट दाखवलं, चादर कशी घालायची दाखवलं, एका मुलीनं विचारलं तू कुठली, तर ही म्हणाली देवळालीची, तर ती म्हणाली मग तुझी कॉट माझ्या शेजारी. नीट बघितलंसुद्धा नाही म्हणाली होती, तिला पायऱ्यांचा रंगही पाठ होता. एवढं बोलून ती थांबली. "पण मी नाही जाणार."

"का?"

"तुला मीठ कळत नाही," ती म्हणाली.

मला काही समजलं नाही. मग तिनं सांगितलं. अब्बा गेल्यावर एक दिवस तिच्याकडून आमटीत मीठ टाकायचं राहिलं. मी गुपचूप खाल्ली. तिला वाटलं मी तिला बरं वाटावं म्हणून बोलले नाही. दुसऱ्या दिवशी तिनं मुद्दाम दुप्पट टाकलं. तेही मी गुपचूप खाल्लं. तेव्हापासून ती रोज बघत होती. कधी टाकायचीच नाही, कधी मूठभर. दादी आळणी असलं की वरून मीठ घ्यायची, खारट असलं की पाणी ओतून घ्यायची आणि काही बोलायची नाही. "ज्या दिवशी तू म्हणशील की मीठ जास्त झालंय, त्या दिवशी मी समजणार होते की तू परत आलीस," ती म्हणाली. "तू आलीच नाहीस. मग मी कशी जाऊ? तुझ्यापुढं कुणी दगड वाढला तरी तू खाशील अम्मी."

बारा-तेरा वर्षांची पोर. एवढं ऐकून कुठलीही आई हंबरडा फोडेल. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि तो हात माझाच आहे का ते बघत बसले. पण एक मात्र कळलं, अगदी स्वच्छ. मी अशीच राहिले तर ही माझी आई होऊन बसेल, आणि त्या रिक्षावाल्याशी ठणकावून बोलणाऱ्या पोरींत ती कधीच नसेल. वाटत नसलं तरी कळत होतं. कळण्यावर काम भागवायचं ठरवलं.

त्या दिवसापासून मी घास तोंडात धरून बसायला लागले. जिभेवर फिरवायचा, डोळे मिटायचे. काही नाही. भिंत चाटावी तसं. मग मी लबाडी करायचं ठरवलं, सासूबाईंच्या हाताकडं बघायचं, बरणीकडं गेला की आळणी. पण पोरगी बापासारखी हुशार. तिनं बरणी आत ठेवून दिली.

शेवटी एका दुपारी मी पहिला घास घेतला, तोंड वाकडं केलं आणि म्हणाले, "अगं, काय हे! मीठ किती टाकलंस?"

मुलीचा हात ताटावरच राहिला. ती माझ्याकडं बघत होती. मी पुढं काही बोलायला घाबरले, कारण आळणी का खारट हे मला खरंच माहीत नव्हतं. नाणं उडवल्यासारखं बोलले होते. तेवढ्यात सासूबाईंनी घास खाल्ला, खाकरल्या आणि म्हणाल्या, "व्हय, लई खारट. घसा जळला माझा." आणि तांब्या तोंडाला लावला.

माझा जीव भांड्यात पडला. बरोबर निघालं होतं. मुलगी थोडा वेळ आम्हा दोघींकडं आळीपाळीनं बघत राहिली. मग उठली, आमटीचं पातेलं उचललं आणि म्हणाली, "उद्या कमी टाकते."

संध्याकाळी मी पडद्याआडून दिरांना सांगितलं की जवळची नको, नगरची. ते म्हणाले, "भाभी, पण तुम्ही एकट्या..." सासूबाईंनी पडद्यातून त्यांना असं काही झापलं की ते ओसरीवरून उठून रस्त्यावर गेले. मोकळ्या हातांचं त्या पुन्हा बोलल्या नाहीत.

इद्दत संपली. भावानं माहेरहून नवे कपडे आणले, शेवाळी रंगाचे. जूनमध्ये शाळा सुरू व्हायच्या आधी मी, सासूबाई आणि मुलगी एसटीनं नगरला गेलो. किती महिन्यांनी मी रस्ता बघत होते, उसाचे टेम्पो नव्हते, नुसता धुरळा होता. शाळा मुलीनं सांगितल्यासारखीच होती, चिंचेसकट. मोठ्या सिस्टरनं माझा हात हातात घेतला, मी सही केली, तिनं विचारलं, "आता बरं आहे?" मी हो म्हणाले. सासूबाईंनी पिशवीत हात घातला तेव्हा मला वाटलं परत बांगड्या, पण त्यांनी काढला तो मुलीचा लाडूचा डबा.

फाटकाशी मुलीनं मला मिठी मारली. रडली नाही. कानाशी म्हणाली, "मीठ जपून टाकत जा अम्मी." मी हसले. मग शेजारच्या कॉटवाली पळत आली, हिला हाताला धरून ओढत घेऊन गेली, आणि हिनं वळून बघितलं नाही. मालकांना पाहिजे होती तश्शी.

स्टँडवर देवळालीची गाडी लागायची होती. आम्ही फलाटाच्या कठड्यावर बसलो. सासूबाई पिशवीचे बंद सोडत-बांधत बसल्या होत्या. मग समोर बघतच म्हणाल्या, "एक सांगू का तुला? त्या दिवशीच्या आमटीत मीठच न्हवतं."

"कुठल्या दिवशीच्या?"

"तू खारट म्हनलीस त्या. पार आळनी हुती. खडाबी न्हवता."

"मग तुम्ही..."

"मग काय करू? तू येवढा जीव गोळा करून खोटं बोललीस. मी तुला तोंडघशी पाडू?"

मी हिशोब लावत बसले. मी खोटं बोलले, यांनी ते खरं केलं. पण आमटी केली कुणी होती? मीठ टाकलं नव्हतं कुणी? म्हटलं, "अम्मा, म्हणजे पोरीला..."

"तिला न्हाई म्हाईत हुनार? तिनंच केल्ती की."

उद्या कमी टाकते, असं म्हणून पातेलं उचलून गेली होती ती. सगळं माहीत असून. मी अजून परत आलेले नाही हे तिला माहीत होतं, मला तिला पाठवायचंय हेही माहीत होतं, आणि तिनं दोन्ही पोटात घालून मला जिंकू दिलं. त्या क्षणी माझ्या छातीत काहीतरी तुटलं आणि इतकं दुखलं की मला वाटलं मालकांना असंच दुखलं असेल. मी नगरच्या स्टँडवर, सगळ्या लोकांत, त्यांच्या नावानं आणि पोरीच्या नावानं मोठमोठ्यानं रडायला लागले. जानेवारीपासूनचं सगळं. माणसं थांबून बघत होती, एका कंडक्टरनं विचारलंसुद्धा, बाई, काय झालं.

सासूबाईंनी त्याला हातानंच जा म्हणून सांगितलं. मग माझा मोकळा हात ओढून आपल्या मांडीवर घेतला आणि म्हणाल्या, "रड. गाडीला येळ हाय."